ग्लासगोचे पाच वसंत

आमच्या लहानपणी भूगोलाच्या पुस्तकात ग्लासगो शहराला एकच वाक्य मिळाले होते. ते शहर क्लाइड नदीवर आहे आणि तेथे जहाजे बांधतात, एवढाच त्याचा आशय. परीक्षेत रिकाम्या जागी ‘जहाजबांधणी’ हा शब्द भरून आम्ही एक गुण मिळवीत असू. पुढे शिक्षकाचा पेशा पत्करल्यावर त्याच शब्दाला तोच एक गुण मी कित्येक वर्षे देत आलो. त्या शहरात जहाजांखेरीज आणखीही काही बांधले गेले असेल, अशी शंका विद्यार्थ्यांना आली नाही आणि मलाही फार उशिरा आली.

ती जहाजे आता बव्हंशी गेली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जगात नव्याने बांधल्या जाणाऱ्या जहाजांपैकी जवळजवळ एक पंचमांश क्लाइडच्या काठी तयार होत. आज शहराच्या हद्दीत गोव्हन आणि स्कॉट्सटन येथील युद्धनौकांच्या गोद्या सोडल्या, तर जुन्या गोद्यांच्या जागी घरे, सभागृहे आणि संग्रहालये उभी आहेत. परंतु ज्या काळात हे शहर जहाजे बांधीत होते, त्याच काळात त्याने एक चित्रसंग्रहालय, एक प्रचंड वाद्य, एक गायकवृंद आणि इतिहास व वाङ्मय यांचे एक अध्यासनही उभे केले. यांतील बहुतेक गोष्टी आजही चालू आहेत. या दुसऱ्या बांधणीचा इतिहास प्रस्तुत लेखात सांगावयाचा आहे. तो आपणा बृहन्महाराष्ट्रातील मंडळींस विचार करावयास लावणारा आहे, कारण उत्सव आपणही पुष्कळ करतो.

या इतिहासातील मोठे प्रसंग बहुधा मे महिन्यात घडले, याचे कारण त्या भूमीच्या हवेत आहे. ग्लासगो सुमारे छप्पन्नाव्या उत्तर अक्षांशावर वसले आहे. डिसेंबरात तेथे दिवस जेमतेम सात तासांचा असतो. मे महिन्यात मात्र पहाटे पाचच्या सुमारास उजाडते आणि रात्रीचे नऊ वाजले तरी उजेड असतो. आपल्याकडे चैत्र-वैशाखात ऊन उतरल्यावर माणसे सभामंडपात येतात. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला सायंकाळची, ती यामुळेच. तिकडे नेमके उलट घडते. सहा महिने अंधारात आणि धुरात काढलेली माणसे मे महिन्यात उन्हाच्या ओढीने घराबाहेर पडतात. म्हणून मोठे प्रदर्शन भरवावयाचे, तर त्याचे दार मेच्या प्रारंभी उघडावयाचे, हा तेथील व्यवहार ठरून गेला.

शेजारचे एडिंबरो हे राजधानीचे, न्यायालयांचे आणि ग्रंथप्रकाशनाचे शहर; ग्लासगो व्यापाऱ्यांचे आणि कामगारांचे. अठराव्या शतकात व्हर्जिनियातील तंबाखू आणि वेस्ट इंडीजमधील साखर यांच्या व्यापारावर त्याने वैभव मिळविले. ते मळे गुलामांच्या श्रमावर चालत, हे विसरता येत नाही. विल्यम कनिंगहॅम या तंबाखूच्या व्यापाऱ्याने शहराच्या मध्यभागी बांधलेला वाडा पुढे व्यापाऱ्यांचा बाजार झाला, आणि १९९६ पासून तेथे आधुनिक कलेचे संग्रहालय आहे. एकाच वास्तूची ही तीन रूपे पाहिली, की शहराच्या इतिहासाचा सारांश हाती येतो. तंबाखूनंतर कापूस आला, कापसानंतर लोखंड. स्प्रिंगबर्न भागातील कारखान्यांतून निघालेली वाफेची इंजिने आपल्या लोहमार्गांवरही धावली. साम्राज्यातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर म्हणून ग्लासगो स्वतःला मिरवू लागले.

या मिरवण्याला १८७८ च्या ऑक्टोबरात मोठा तडाखा बसला. सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. भागधारकांची जबाबदारी अमर्याद असल्यामुळे शेकडो सुखवस्तू कुटुंबे धुळीस मिळाली. त्यानंतर दहा वर्षांच्या आत शहराने आपला पहिला मोठा वसंत साजरा केला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. ८ मे १८८८ रोजी केल्व्हिनग्रोव्ह उद्यानात विज्ञान, कला व उद्योग यांच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाचे उद्घाटन वेल्सच्या युवराजांच्या हस्ते झाले. जेम्स सेलर्स या स्थपतीने प्रदर्शनाच्या इमारतींना पौर्वात्य घाटाचे घुमट आणि मनोरे दिले होते. लोकांनी त्या नगरीला गमतीने केल्व्हिनकाठचे बगदाद म्हटले. प्रदर्शन संपण्यापूर्वीच सेलर्स निधन पावला. नोव्हेंबरात दारे मिटली तोवर सत्तावन्न लाखांहून अधिक प्रवेशांची नोंद झाली होती. राणी व्हिक्टोरियाच्या भेटीचे भव्य चित्र जॉन लॅव्हरी या तरुण चित्रकाराने रंगविले. त्यात अडीचशेहून अधिक माणसांचे चेहरे ओळखू येतील असे काढलेले आहेत.

तथापि १८८८ चे खरे महत्त्व गर्दीत नाही, हिशेबात आहे. प्रदर्शन भरविणाऱ्यांनी आरंभीच ठरविले होते, की नफा झाल्यास तो शहरासाठी नवे संग्रहालय आणि कलामंदिर उभारण्याकडे लावावयाचा. चाळीस हजार पौंडांहून अधिक रक्कम शिल्लक राहिली आणि ती ठरल्याप्रमाणे त्याच कामी लागली. नागरिकांच्या वर्गणीची तिला जोड मिळाली. १८९७ साली त्याच उद्यानात तांबड्या वालुकाश्माच्या इमारतीचा कोनशिला-समारंभ झाला. मधल्या काळात नगरपालिकेचीही दृष्टी बदलत होती. लॅव्हरी, गथ्री, वॉल्टन आदी तरुण चित्रकारांनी, ज्यांना पुढे ‘ग्लासगो बॉइज’ हे नाव पडले, नगरपालिकेकडे अर्ज करून व्हिसलर या चित्रकाराने रंगविलेले टॉमस कार्लाइल यांचे व्यक्तिचित्र विकत घ्यावयास लावले. हे १८९१ साली घडले. व्हिसलरचे चित्र एखाद्या सार्वजनिक संग्रहाने विकत घेतल्याचा तो पहिलाच प्रसंग होता. किंमत पडली एक हजार गिनी.

दुसरा वसंत १९०१ चा. २ मे रोजी त्याच उद्यानात पहिल्याहून मोठे प्रदर्शन उघडले. १८८८ च्या शिलकीतून उगवलेली इमारत या प्रदर्शनाचे कलादालन झाली. सहा महिन्यांत सुमारे एक कोटी पंधरा लाख प्रवेश झाले. या इमारतीविषयी एक दंतकथा आजही सांगतात: ती चुकून उलट्या तोंडाने बांधली गेली, आणि ते ध्यानी येताच स्थपतीने मनोऱ्यावरून उडी घेतली. ही कथा सर्वस्वी खोटी आहे. इमारतीचे दर्शनी तोंड प्रथमपासून उद्यानाकडेच योजलेले होते, आणि स्थपती एक नसून सिम्सन व ॲलन असे दोघे होते. पण ज्या इमारतीवर लोक कथा रचतात, ती लोकांनी आपली मानली आहे असे समजावयास हरकत नाही.

या प्रदर्शनाच्या तात्पुरत्या संगीतगृहासाठी लंडनच्या लुईस कंपनीने एक भव्य ऑर्गन बनविला होता. आपल्या संगीत नाटकांतील ऑर्गन येथे डोळ्यांपुढे आणू नये. हा शेकडो नळ्यांचा, दोन मजले उंचीचा वाद्यसंभार होता. प्रदर्शन उठले तेव्हा तो मोडीत न काढता नव्या संग्रहालयाच्या मध्यवर्ती दालनात बसविण्यात आला. आजही जवळजवळ दररोज दुपारी तेथे कोणीतरी वादक येऊन तो वाजवितो, आणि चित्रे पाहावयास आलेली शाळकरी मुले मान वर करून ऐकतात. प्रवेशास पैसे पडत नाहीत.

मोठ्या उत्सवांचा एक दोष मात्र याच वर्षी उघड झाला. प्रदर्शनाच्या इमारतींसाठी चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या स्थपतीने आराखडे पाठविले होते. ते नाकारले गेले. त्याच मॅकिंटॉशच्या आराखड्यावरून ग्लासगो कलाशाळेच्या वास्तूचा पहिला भाग १८९९ साली पुरा झाला होता आणि दुसरा १९०९ साली व्हावयाचा होता. आज ग्लासगोचे नाव घेताच जगातील वास्तुविशारदांना ती शाळा आठवते. प्रदर्शनातील पांढऱ्या घुमटांची आठवण कोणाला नाही. दुर्दैवाने ती वास्तूही अभंग राहिली नाही. २३ मे २०१४ रोजी, विद्यार्थी वार्षिक प्रदर्शनाच्या तयारीत असताना, तिला आग लागून ग्रंथालय भस्मसात झाले, आणि दुरुस्ती चालू असतानाच १५ जून २०१८ च्या रात्री दुसऱ्या आगीने उरलेसुरले नेले.

१९०१ च्या गजबजाटात आणखी एका घटनेकडे कोणाचे लक्ष गेले नाही. टॉयन्बी हाउस नावाच्या कामकरी लोकांच्या मंडळात ह्यू रॉबर्टन या सत्तावीस वर्षांच्या गृहस्थाने एक हौशी गायकवृंद शिकवावयास घेतला. १९०६ साली त्याचे नाव ग्लासगो ऑर्फियस कॉयर असे झाले. गाणारे स्त्रीपुरुष दिवसा आपापल्या कामावर जात आणि रात्री तालमीस येत. रॉबर्टनची शिस्त कडक होती. अनेक कंठ, पण श्वास एक, अशी त्यांची ख्याती युरोपात आणि अमेरिकेत पसरली. रॉबर्टन युद्धविरोधी होते. दुसऱ्या महायुद्धात या मतामुळे बी.बी.सी.ने त्यांच्यावर आणि वृंदावर बंदी घातली; १९४१ साली ती उठली. पन्नास वर्षे चालवून १९५१ साली रॉबर्टन निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वृंदही विसर्जित झाला. तेव्हा काही गायकांनी एकत्र येऊन नवा वृंद काढला आणि त्यास राखेतून उठणाऱ्या फिनिक्स पक्ष्याचे नाव दिले. प्रदर्शनाचे एक कोटी प्रवेश आणि टॉयन्बी हाउसमधील मूठभर गायक यांत कोणाचे कार्य दूरवर गेले, हे सांगावयास नको.

तिसरा वसंत आपल्यासारख्या परिषदेच्या सभासदांना सर्वांत जवळचा वाटेल. ३ मे १९११ रोजी केल्व्हिनग्रोव्ह उद्यानातच इतिहास, कला व उद्योग यांचे स्कॉटिश प्रदर्शन भरले. त्याचा उद्देश स्पष्ट आणि एकच होता: ग्लासगो विद्यापीठात स्कॉटलंडचा इतिहास व वाङ्मय यांच्या अध्यासनासाठी निधी उभारणे. विद्यापीठ साडेचारशे वर्षांचे जुने, तथापि ज्या भूमीवर ते उभे होते तिचा इतिहास शिकविण्यासाठी तेथे स्वतंत्र प्राध्यापक नव्हता. चौऱ्याण्णव लाखांच्या आसपास प्रवेश झाले, अध्यासन स्थापन झाले आणि ते आजतागायत चालू आहे. आकाशपाळण्यात बसावयास आलेल्या लोकांच्या पैशातून एका प्राध्यापकाच्या वेतनाची कायमची तरतूद व्हावी, हा योग विरळा.

याच प्रदर्शनात एक उणीवही होती, आणि ती भाषेची होती. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखातून आणि बेटांवरून गॅलिक भाषा बोलणारे हजारो लोक पोटासाठी ग्लासगोत येऊन राहिले होते. शहराच्या मध्यवर्ती स्टेशनाच्या रुंद लोहपुलाखाली, पावसापासून आडोसा धरून, ते एकमेकांना भेटत. त्या जागेला अजूनही डोंगरी माणसाची छत्री असेच म्हणतात. स्वतःचा मुलूख सोडून परक्या भाषेच्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहणे म्हणजे काय, हे बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील वाचकांस समजावून सांगावयास नको. १९११ च्या प्रदर्शनात या लोकांचे एक नमुनेदार खेडे उभारले होते. गवताने शाकारलेली घरे, चरख्यावर सूत काढणाऱ्या स्त्रिया, कानावर पडणारे गॅलिक बोल. प्रेक्षकांनी ते कौतुकाने पाहिले. परंतु पाहण्याची वस्तू झालेली भाषा आणि मुलांच्या तोंडी असलेली भाषा यांत फार अंतर आहे. ग्लासगोत गॅलिक माध्यमाचा प्राथमिक वर्ग निघावयास १९८५ साल उजाडावे लागले, स्वतंत्र गॅलिक शाळा १९९९ साली निघाली आणि बालवर्गापासून माध्यमिकापर्यंतचे पूर्ण शिक्षण एका छपराखाली २००६ साली आले.

चौथा वसंत १९३८ चा. ३ मे रोजी सम्राट सहावे जॉर्ज यांनी साम्राज्य-प्रदर्शनाचे उद्घाटन केले. या वेळी जागा बेलहाउस्टन उद्यानाची होती. शहर मंदीने गांजलेले होते. गोद्यांत कामे नव्हती. टॉमस टेट यांच्या हाताखाली तरुण स्थपतींनी काचेच्या, पोलादाच्या आणि उजळ रंगांच्या इमारती झपाट्याने उभ्या केल्या. टेकडीवर तीनशे फूट उंचीचा मनोरा चढविला. तो उन्हाळा पावसाने धुऊन काढला, तरीही एक कोटी पंचवीस लाखांहून अधिक प्रवेश झाले. हे सर्वांत मोठे प्रदर्शन होते आणि मागे सर्वांत कमी राहिले तेही याचेच. १९३९ साली मनोरा उतरविला गेला, त्याच वर्षी युद्ध आले, आणि ज्या साम्राज्याचा गौरव मांडला होता तेही पुढील दहा वर्षांत ओसरू लागले. उद्यानात एक कलामंदिर तेवढे उभे आहे.

युद्धकाळात मात्र शहराने उत्सवाचा नाद सोडून घरे बांधावयास घेतली, अर्थात कलेची. १९४३ साली जेम्स ब्रायडी या टोपणनावाने नाटके लिहिणाऱ्या डॉक्टरने, टॉम हनीमन व इतर मित्रांसह, सिटिझन्स थिएटर काढले. दोन वर्षांनी ते गॉर्बल्स या गरिबांच्या वस्तीतील जुन्या नाट्यगृहात गेले. १९७० च्या दशकात तेथे कोणतेही आसन पन्नास पेन्समध्ये मिळे. हनीमन हेही मूळचे डॉक्टर. १९३९ ते १९५४ ते केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयाचे प्रमुख होते. त्यांनी १९५२ साली साल्वादोर दाली यांचे ख्रिस्ताचे चित्र ८,२०० पौंडांस विकत घेतले तेव्हा गहजब झाला. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी तक्रार केली, की हा पैसा स्थानिक कलावंतांवर खर्च व्हावयास हवा होता. ही तक्रार सर्वस्वी गैर नव्हती. पण चित्र आज त्या संग्रहालयाचे भूषण आहे. १९४४ साली विल्यम बरेल या जहाजमालकाने आपला हजारो वस्तूंचा संग्रह शहरास अर्पण केला, पण अट घातली की तो शहराच्या धुरापासून सोळा मैल दूर ठेवावा. धूर निवळून जागा ठरेपर्यंत एकोणचाळीस वर्षे गेली; बरेल संग्रहालय १९८३ साली उघडले.

पाचवा वसंत एका वर्षाचा नव्हता. १९८३ च्या मे महिन्यात ‘मेफेस्ट’ सुरू झाला. आधीचे चार उत्सव धनिकांनी आणि नगरपित्यांनी योजिले होते. हा कामगार संघटना आणि लोकनाट्याचे फड चालविणारे कलावंत यांच्या विचारातून निघाला. गोद्या बंद पडत होत्या, दहा लाखांवर गेलेली लोकसंख्या झपाट्याने घटत होती. अशा वेळी मे दिनाला जोडून नाटक, संगीत आणि चित्रे वस्त्यावस्त्यांतील सभागृहांत न्यावीत, ही त्यामागील कल्पना. थोड्याच वर्षांत स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या ऑगस्टमधील महोत्सवाखालोखाल त्याचे नाव घेतले जाऊ लागले.

याच काळात, १९८८ च्या वसंतात, त्या शहरात महाभारत अवतरले. पीटर ब्रुक यांनी ज्यां-क्लोद कारिएर यांच्या लेखनावरून बसविलेला नऊ तासांचा हा प्रयोग प्रथम १९८५ साली फ्रान्समध्ये फ्रेंच भाषेत झाला होता. इंग्रजी प्रयोगासाठी ब्रिटनमध्ये जागा शोधताना ब्रुक यांना पॉलकशील्ड्स भागातील ट्रामगाड्यांचे जुने आगार पसंत पडले. १८९३ साली बांधलेली ही इमारत नंतर वाहन-संग्रहालय झाली होती आणि तेव्हा रिकामी होती. ब्रिटनमध्ये हा प्रयोग केवळ तेथेच झाला; लंडनकरांनाही ग्लासगो गाठावे लागले. द्रौपदीची भूमिका मल्लिका साराभाई यांनी केली. भारतातील काही समीक्षकांनी या प्रयोगावर कठोर टीका केली. महाभारताला त्याच्या भूमीपासून आणि धर्मविचारापासून तोडून जागतिक कथा बनविले, असा तिचा रोख होता. त्या आक्षेपात तथ्य आहे असे मलाही वाटते. पण ग्लासगोपुरते पाहिले तर एक गोष्ट नाकारता येत नाही. पाडली जाण्याच्या वाटेवर असलेली ती इमारत त्या वसंतामुळे वाचली, आणि ‘ट्रॅमवे’ या नावाने आजही नाटक, नृत्य आणि चित्रकला यांचे घर आहे.

१९९० साली ग्लासगो युरोपची सांस्कृतिक नगरी झाली. तिच्या आधी हा मान अथेन्स, फ्लॉरेन्स, ॲम्स्टरडॅम, पश्चिम बर्लिन आणि पॅरिस यांना मिळालेला. त्यांच्या पंक्तीस हे काजळलेले शहर बसले म्हणून युरोपास नवल वाटले. वर्षभरात तीन हजारांहून अधिक कार्यक्रम झाले. १९६२ साली जुने संगीतगृह जळाल्यापासून अठ्ठावीस वर्षे शहराला तोलाचे संगीतगृह नव्हते. ते त्या वर्षी मिळाले. परंतु विरोधही तेथेच उठला. जेम्स केल्मन आदी लेखकांनी विचारले, की ज्या कामगारांनी हे शहर घडविले त्यांची बेकारी आणि पडकी घरे या झगमगाटाने झाकली जात आहेत काय? शहराच्या इतिहासावर स्टेशनखालच्या कमानींत भरविलेल्या भपकेदार प्रदर्शनास मोठा तोटा आला, आणि त्याच वेळी ‘पीपल्स पॅलेस’ हे लोकजीवनाचे जुने संग्रहालय पैशांसाठी कुचंबत होते, हे पाहता विरोधकांचे म्हणणे सहज बाजूस सारता येत नाही. केल्मन यांना १९९४ साली ग्लासगोच्या बोलीत लिहिलेल्या कादंबरीबद्दल बुकर पारितोषिक मिळाले.

आणि मेफेस्ट? तो १९९७ साली शेवटचा झाला. पैसा आटला आणि उत्सव थांबला. चौदा वर्षांच्या त्या खटाटोपास स्वतःचे घर नव्हते, गंगाजळी नव्हती, पुढे वसूल होईल असे काही त्याने रुजविले नव्हते. ज्यांचा उत्सव सर्वांत अधिक लोकांचा होता, त्यांचीच शिल्लक सर्वांत थोडी राहावी, याची खंत वाटते. पण इतिहास हेतूंचे गुण देत नाही.

शिलकीचा हा हिशेब येथे पुरा होत नाही. त्यात देणेही आहे. केल्व्हिनग्रोव्हच्या दालनांत साम्राज्याच्या वाटांनी आलेल्या वस्तू होत्या. १८९२ साली मिळविलेला लाकोटा जमातीचा एक पवित्र अंगरखा सार्वजनिक सुनावणीनंतर १९९९ साली परत करण्यात आला. ३१ मार्च २०२२ रोजी शहराच्या वतीने गुलामांच्या व्यापारातील सहभागाबद्दल माफी मागण्यात आली. त्याच वर्षी १९ ऑगस्ट रोजी केल्व्हिनग्रोव्ह येथेच भारताच्या प्रतिनिधींबरोबर सात वस्तू परत देण्याचा करार झाला. त्यांतील सहा एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडील मंदिरे आणि देवस्थाने यांतून चोरून नेलेल्या. सातवी, निजामाच्या संग्रहातून १९०५ साली चोरली गेलेली तलवार. ज्या गावांतून या वस्तू गेल्या त्यांत ग्वाल्हेर आणि हैदराबाद यांची नावे आहेत. ही दोन्ही नावे आपल्या परिषदेच्या सभासदांना परकी नाहीत. आपल्या शहरांचे काही धन इतकी वर्षे त्या वसंतांच्या दालनांत पडून होते, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक होते?

आता माझ्या स्वतःच्या एका कबुलीने लेख संपवितो. काही वर्षांपूर्वी आमच्या गावी मोठा वाङ्मयीन उत्सव झाला. मी त्याच्या समितीत होतो. तीन दिवस मांडव भरून गेला, भाषणे रंगली, हिशेब मिटल्यावर काही रक्कम उरली. तिच्यातून ग्रंथालयासाठी कपाटे घ्यावीत, अशी सूचना एका वृद्ध सभासदाने केली. समितीला ती नीरस वाटली. शेवटी सत्कार, शाली आणि जाड कागदाची स्मरणिका यांवर रक्कम खर्च करण्याचे ठरले, आणि त्या ठरावास मीही हात वर केला. त्या स्मरणिकेच्या उरलेल्या प्रतींचे गठ्ठे आज त्याच ग्रंथालयात, कपाटांअभावी, जमिनीवर पडलेले आहेत. शाळा सुटल्यावर तेथे गेलो, की मला त्यांच्यावरून पाय टाकून जावे लागते.

१८८८ आणि १९११ च्या ग्लासगोकरांजवळ आपल्यापेक्षा पैसा अधिक होता, हे खरे. पण पैशापेक्षा त्यांची एक सवय आपणास उचलता येण्याजोगी आहे. मांडवाचा पहिला खांब रोवण्यापूर्वीच उरलेला पैसा कशास लावावयाचा हे त्यांनी लिहून ठेविले होते. आपल्या शाखांनी पुढील उत्सवाच्या पहिल्याच सभेच्या इतिवृत्तात एवढा एक ठराव घालावा: शिल्लक राहिल्यास ती कपाटांस, शिष्यवृत्तीस की एखाद्या शिक्षकाच्या मानधनास. रक्कम अल्प असली तरी चालेल. आमच्या शाखेच्या येत्या सभेत हा ठराव मी मांडणार आहे, आणि त्या वृद्ध सभासदांनी त्यास अनुमोदन द्यावे, अशी विनंती त्यांच्या घरी जाऊन करणार आहे.